मोराच्या जलशाची परवानगी

फार पूर्वी माळावर कुणी खेळ करायचा, हे म्हातारी म्हैस ठरवायची. एकदा मोराने जलशाची परवानगी मागितली. सगळं रान बघायला येणार होतं. डबक्यात बसल्या बसल्याच म्हशीने मान डोलावली. "माळ मोकळाच पडलाय, नाच की!"

तेवढ्यात टिटवी ओरडत आली. "आजी, तिथं माझी अंडी आहेत!"

"खडे असतील," मोर चिडला. "पिल्लं निघेपर्यंत थांबून पिसं गळून गेल्यावर नाचू का?"

म्हैस कुरकुरत उठली आणि माळावर गेली. "कुठं गं?"

"आजी, उचललेला पाय खाली टेकवू नका!"

खुराखालीच खड्यांसारखी चार अंडी होती. म्हशीने पाय हळूच मागे घेतला.

मोराला तिने पलीकडचा बांध नाचायला दिला. तेव्हापासून कुणी परवानगी मागायला आलं, की म्हैस आधी डबक्यातून उठायची.