खाडीचं पायपुसणं

एकदा काय झालं, घाटावरची येसू लग्न होऊन खाडीकाठच्या गावात आली. घरात नवरा धाकू आणि सासू पदूबाय. पहिल्याच दिवशी येसूने मोरसाची भाजी केली आणि सवयीने मीठ घातलं. आता मोरस उगवतो खाऱ्या चिखलात, तो मुळातच खारट. तिघंही संध्याकाळपर्यंत पाणी पीत बसली. पदूबाय म्हणाली, "पोरी, ताटात खाडीच वाढलीस की." पण रागावली नाही, बरं का.

मग पदूबाय लेकीच्या बाळंतपणाला गेली. धाकू होडी घेऊन लांब मासेमारीला गेला. येसूला वाटलं, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, परत येतील तेव्हा काहीतरी काम करून दाखवू. त्यांच्या शेताला मातीचा बांध होता. बांधाच्या आत पोटरीला आलेलं, लोंब्या धरू लागलेलं भात. बाहेर चिखल, आणि त्यात मोरस, लव्हाळी, तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं. "केवढं तण माजलंय," येसू म्हणाली. तण दिसलं की खुरपायचं, हेच ती माहेरी शिकली होती.

मग ओहोटीला ती खुरपं घेऊन उतरली. तिथे निवटा आला. निवटा म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा, डोळे डोक्यावर. तो म्हणाला, "वहिनी, माझी पिल्लं या मोरसाखाली लपतात."

"मासा ना तू? मग पाण्यात जा."

दुसऱ्या दिवशी खेकडा आला. "वहिनी, सावली गेली, माझ्या बिळाला तडे गेले."

"मग दुसरं खण. इतके पाय आहेत की तुला."

तिसऱ्या दिवशी बगळा आला. मोकळ्या चिखलात थोडा वेळ एका पायावर उभा राहिला आणि उडून गेला. ते मात्र येसूला लागलं. पण तोवर चिखल अंगणासारखा साफ झाला होता.

मग अमावास्येचं उधाण आलं, भर दुपारी. एरवी खाडी कशी यायची? मोरसातून, लव्हाळ्यांतून, गाळ ठेवत ठेवत, बांधापाशी पोचेपर्यंत दमलेली. आज ती धावत आली. बांधाला भोक पडलं. येसूने माती टाकली, ती वाहून गेली. मग ती भोकाला पाठ लावूनच बसली.

"खाडीमाय, आत येऊ नकोस गं. वर्षाचं भात आहे."

खाडी म्हणाली, "मला कुठे हौस आहे? पण दारातलं माझं पायपुसणं कोणी काढलं? थांबू कशावर?"

येसू म्हणाली, "मीच काढलं. परत घालते."

ओहोटी लागेपर्यंत ती तशीच बसली, गळाभर पाण्यात. कोपऱ्यातलं थोडं भात गेलं, बाकी वाचलं.

मग धाकू आला, त्याने बांध बांधला. पदूबाय आली, तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "चिखल खुरपणारी सून आमच्या घराण्यात तू पहिलीच." आणि पदर खोचून स्वतःच चिखलात उतरली. उपटलेली रोपं येसूने बांधाआत टाकली होती, त्या ढिगात ती अजून ओली होती. दोघींनी ती परत लावली. निवट्याने मऊ जागा दाखवल्या. खेकड्याने भोकं पाडून दिली. बगळा मात्र आला नाही. येसू रोज वाट बघायची.

वर्ष गेलं. मोरस दाट झाला. पुन्हा उधाण आलं. खाडी हळूहळू आली, पाय पुसले, बांधाबाहेरच टेकली आणि परत गेली. ओहोटीला येसू बघते तर मोरसात बगळा, एका पायावर.

त्या दिवशी येसूने मोरसाची भाजी केली. पदूबायने मिठाचा डबा आधीच लपवून ठेवला होता. पण येसूने तो मागितलाच नाही. सगळी पोटभर जेवली आणि सुखाने राहिली.

खाडी पाय पुसून आपल्या घरी गेली. तुम्ही पुसलेत ना? मग या, शिरा गोधडीत.