चिखलाचे छायाचित्र

एका तलावाच्या काठी दाजीबा नावाचे वृद्ध कारागीर राहत असत. त्या तलावात पाणकणसाचे उंच गवत माजे. त्याची लांब पाने कापून, सावलीत वाळवून दाजीबा टोपल्या विणत. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा ही विद्या त्यांनी गावातल्या केतकी नावाच्या मुलीला दिली. शहरातली नोकरी सुटल्यामुळे केतकी गावी परतली होती आणि तिला कामाची गरज होती. ती मन लावून शिकली. थोड्याच काळात तिने स्वतःचा लहानसा व्यवसाय उभा केला आणि शेजारच्या चार बायकांनाही विणायला बसवले.

केतकीला छायाचित्रणाची उत्तम जाण होती. एके सकाळी तिने झाकणाची एक गोल टोपली खिडकीत ठेवली. विणीच्या फटींतून कोवळे ऊन झिरपत होते, ते तिने मोबाइलमध्ये अचूक टिपले आणि इंटरनेटवरच्या आपल्या दुकानाच्या पानावर लावले. ते चित्र या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिले आणि दूरदूरच्या गावांहून मागणी येऊ लागली. केतकी हरखून गेली.

मागणी पुरी करायची तर गवत हवे. तिने मजूर लावले आणि पाने जितकी लांब मिळतील तितकी बरी म्हणून पाण्याखालून कापायला सांगितले. कोवळे गवतही त्यात गेले. पावसाळा संपून काही आठवडेही झाले नाहीत, तोच काठ ओकाबोका झाला. टोपल्या मात्र निम्म्याही झाल्या नव्हत्या.

अशा वेळी एक व्यापारी तिच्याकडे आला. त्याच्याजवळ प्लास्टिकच्या पट्टीचे रीळ होते, रंग हुबेहूब वाळलेल्या गवताचा. तो म्हणाला, “फोटो तोच राहू द्या, ताई. लांबून कुणाला कळणार आहे?”

केतकीने ते रीळ ठेवून घेतले. मन मात्र स्वस्थ बसेना, म्हणून ती दाजीबांकडे गेली आणि रिळाची गोष्ट त्यांना सांगितली. चार घरांची चूल या कामावर पेटते, लोक ताटकळले आहेत, एकदा विश्वास गेला की सगळेच संपेल, असे बरेच काही तिने सांगितले. दाजीबांनी सर्व ऐकून घेतले. मग ते काठी घेऊन उठले आणि तिला तलावावर घेऊन गेले.

काठावर काळा चिखल होता आणि गढूळ पाण्यात कुजणारे खुंट होते.

“याचा फोटो काढ,” दाजीबा म्हणाले. “सजवू नकोस. आहे तसा काढ.”

केतकीने काढला.

“आता तो टोपलीच्या फोटोच्या जागी लाव. खाली लिही की गवत संपलं आहे, आम्हीच संपवलं. पुन्हा उगवलं की विणू. ज्यांना थांबायचं नाही, त्यांनी तसं कळवावं.”

म्हाताऱ्याची बुद्धी चळली की काय, असे केतकीला क्षणभर वाटले. चिखल पाहून कोण टोपली घेईल, असे तिने विचारलेही. पण दाजीबा घराकडे वळले होते. गुरूचा शब्द म्हणून तिने तसे केले.

व्हायचे तेच झाले. एकामागून एक मागण्या रद्द होऊ लागल्या. कुणी खोचक लिहिले, कुणी काहीच न लिहिता निघून गेले. शेजारच्या बायका चिंतेत पडल्या. केतकी रागाने दाजीबांपाशी आली आणि म्हणाली, “तुमचं ऐकलं आणि माझी गिऱ्हाइकं गेली.”

दाजीबांनी तिला शेजारी बसवले. “तुझा आधीचा फोटो खोटा नव्हता, पण अर्धा होता. त्यात टोपली होती, तलाव नव्हता. त्यामुळे मागणाऱ्याला वाटलं, ही वस्तू हवी तेव्हा हवी तितकी मिळते. आणि रोज तोच फोटो बघून तुलाही तसंच वाटायला लागलं. नाहीतर ते रीळ तू घरात ठेवून घेतलं नसतंस. चिखलाचा फोटो मी गिऱ्हाइकांसाठी लावायला सांगितला नाही, पोरी. ते पान सगळ्यांत जास्त वेळा कोण उघडतं?”

केतकीने मान खाली घातली. मग तिने विचारले, “हे पुन्हा उगवेल?”

“पाण्याखाली कापलेले खुंट कुजले, ते गेले. पण पलीकडच्या काठाला अजून मुळं आहेत.”

दुसऱ्या दिवशी केतकी आणि त्या चारही बायका गुडघाभर चिखलात उतरल्या. पलीकडून मुळे आणून त्यांनी ती ओळीने रोवली. उरल्यासुरल्या पानांतून भांड्याखाली ठेवायच्या चुंबळी विणून त्यांनी ते दिवस रेटले. व्यापारी पुन्हा आला, तेव्हा केतकीने त्याला चहा पाजला आणि रीळ परत केले.

मग एका अनोळखी बाईंचा निरोप आला. ‘टोपली तलावात उगवते हे मला ठाऊकच नव्हते. सावकाश होऊ द्या.’ त्यामागून आणखी काहींचे निरोप आले. पहिला हिरवा कोंब चिखलातून वर आला, तेव्हा केतकीने त्याचे छायाचित्र लावले, आणि कितीतरी जणांनी त्याची विचारपूस केली. सगळे थांबले नाहीत. पण जे थांबले, ते पाचही विणकरणींना पुरेसे होते.

पुढच्या हंगामात गवत पुरुषभर उंच झाले. या वेळी कापणी पाण्याच्या वीतभर वरून झाली. निम्मा काठ कापून होताच केतकीने विळा पुसून ठेवला. त्याच सुमारास शहरातल्या एका दुकानदाराने भरपूर टोपल्या मागवल्या आणि आत्ता किती देता येतील, असे विचारले. केतकी पुन्हा काठावर गेली. न कापलेले गवत वाऱ्यावर हलत होते, आत पाणकोंबड्यांची हालचाल चालली होती. तिने त्याचे छायाचित्र काढले, दुकानदाराला पाठवले आणि खाली लिहिले, ‘तुमच्या टोपल्या अजून उभ्या आहेत. पुढच्या वर्षी देते.’

मग फोन ठेवून ती बायकांमध्ये विणायला बसली.