त्या चौदा जणांचं काय करायचं

"ज्यांनी गोळी धड घेतलीच नाही, त्यांना गोळीच्या गटात मोजायचं? हा कुठला न्याय, बाई?"

अंतूरकरबाई शेंगा सोलत होत्या. मिरजेत तीस वर्षं डॉक्टरांना संख्याशास्त्र शिकवून आता घरी बसल्या होत्या. समोर डॉक्टर सुयोग बेलवलकर, त्यांचा जुना विद्यार्थी. दोन वर्षं राबून लिहिलेला पहिलाच शोधनिबंध संध्याकाळी पाठवायचा होता, त्यामुळे स्वारी घोड्यावर बसूनच आली होती.

"गोळी कशाची?"

"रक्तदाबाची. साठ जणांना नवी, साठ जणांना जुनी. नवीवाल्यांतल्या चौदा जणांनी महिन्याभरात सोडली. कुणाला चक्कर आली, कुणी ऊसतोडीला गेला, कुणी नुसताच कंटाळला. त्यांना वगळलं, की निकाल झकास. धरलं, की सगळं मुसळ केरात."

"चिठ्ठ्या टाकून गट पाडलेस, तेव्हा ते चौदा कुठं होते?"

"नव्या गोळीकडं."

"मग तिथंच मोज. ज्याला ज्या गटात घातलं, तो शेवटपर्यंत त्याच गटातला. इंटेन्शन टू ट्रीट. शिकवलं होतं."

"पुस्तकात ठीक आहे हो ते. पण औषधाचा गुण बघायचा, तर औषध घेणारेच बघायला नकोत?"

"उद्या ही गोळी गावोगाव लिहून देशील. तिथं कुणाला चक्कर येणार नाही?"

सुयोगला पटलं मात्र नव्हतं. बाईंचं काय जातंय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

बाईंनी हात पुसले आणि कपाटातून एक जुना हजेरीपट काढून त्याच्यापुढं ठेवला.

"वाच."

त्याच्याच वर्षाचा वर्ग होता. एकतीस नावं. खाली बाईंच्या अक्षरात निकाल: एकतीस दाखल, बावीस पास.

विसावं नाव त्याचं होतं. दिवाळीनंतर सगळ्या गैरहजेरीच्या खुणा, पण नावावर रेघ नव्हती...

त्या साली वडील अंथरुणाला खिळले आणि तो कुणाला न सांगता गावी निघून गेला होता. वर्षानं भीत भीत परतला. कारकुनानं हा पट बघून सांगितलं, नाव आहे, परीक्षेला बसा. कारकुनाचा ढिसाळपणा म्हणून तो आजवर हसत आला होता. पुढचं सगळं त्या एका परीक्षेवर उभं राहिलं होतं.

त्याचे डोळे भरून आले.

"बाई, तुमचे उपकार मला ठाऊकसुद्धा नव्हते."

बाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

त्यानं बॅगेतून निबंध काढला आणि वगळलेले चौदा जण एकेक करून परत लिहिले. मग वाकून नमस्कार केला.

"सोडून गेलेल्यांची नावं तेव्हा सगळेच खोडायचे. तुम्ही माझं का नाही खोडलंत?"

बाईंनी हजेरीपट मिटला.

"खोडलं असतं, तर माझं शिकवणं फार गुणकारी दिसलं असतं."