टिटवीने गिळलेली हाक

एका जंगलात नदीकाठी चितळांचा एक कळप राहत असे. कळपाची राखण करणारा म्हातारा वानर वारला आणि नवा राखणदार निवडायची वेळ आली. राखणदार जिथे राहील तिथे कळपाने खूर ठेवायचा नाही, असा तिथला रिवाज होता. मुलांनो, टिटवी उघड्या वाळूतच अंडी घालते. गेल्या साली तिची अंडी खुरांखाली गेली होती. म्हणून या कामावर तिचा जीव जडला होता.

परीक्षेला टिटवी आणि कावळा असे दोघेच आले. टिटवीने कळपाच्या थोरल्या चितळाला विचारले, "आजोबा, आमचं काय बघणार तुम्ही?" तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची! दिवसभर इथं बसा, एवढंच." दुपारी समोरचे गवत वाऱ्याच्या उलट हलले. चितळानेच तिथे एक पाडस दडवून ठेवले होते. टिटवीने ते तत्क्षणी पाहिले, हाक गळ्याशी आली. पण ती पडली तोंडाळ म्हणून बदनाम! 'माझा संयमच पाहत असतील,' असे वाटून बिचारीने हाक गिळली. तेवढ्यात कावळ्याला पिकलेले उंबर दिसले आणि तो काव काव करून ओरडला. गवत हललेले पाहूनच तो ओरडला, असे चितळाला वाटले आणि राखणदारी कावळ्याला मिळाली.

पुढे एकदा बिबट्या आला, तेव्हा कावळा उंबरे खाण्यात दंग होता. टिटवी ओरडली, पण राखणदार गप्प असताना तिच्याकडे कोण लक्ष देणार? बिबट्याने एक पाडस नेले. घाबरलेला कळप वाळूतून सैरावैरा धावला आणि टिटवीचे एकही अंडे उरले नाही.

थोरला चितळ मान खाली घालून तिच्यापाशी आला. टिटवी रडत म्हणाली, "गवत हललेलं मी आधी पाहिलं होतं, आजोबा. ओरडायचं आहे, एवढं तरी सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर कुणीही ओरडलं असतं, बाई."

"ओरडलं असतं, पण केव्हा? सांगितल्यानं कावळ्याला माझे डोळे मिळाले असते का?"

चितळाने पुन्हा परीक्षा घेतली. "गवतातली हालचाल जो आधी टिपेल आणि ओरडेल, तो राखणदार," असे त्याने आधीच सांगून टाकले. कावळा डोळे ताणून बसला, तरी पहिली हाक टिटवीचीच आली. तिच्याभोवतीची वाळू त्यानंतर कोणी तुडवली नाही. पण त्या वर्षी त्या वाळूत अंडी नव्हती.

तात्पर्य : काय पारखायचे आहे ते उमेदवाराला आधी सांगावे. ते लपवले की गुणी मागे राहतो, नशीबवान पुढे जातो आणि त्याची किंमत साऱ्यांना मोजावी लागते.