‘छाती साफ आहे’

“मॅडम, ही फिल्म तुम्हीच पाहिली होती ना?”

अन्वयने लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात सरकवला.

डॉ. कुमुद धारप यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, चष्मा पदराने पुसला आणि त्या पडद्यावर वाकल्या. छातीचा एक्स-रे होता, चार महिन्यांपूर्वीचा. डाव्या कॉलरबोनच्या मागे यंत्राने एक लाल चौकोन काढला होता.

शेजारीच केसपेपर होता. त्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं : छाती साफ आहे.

धरणाच्या काठावरच्या त्या लहानशा दवाखान्यात बाईंना चाळीस वर्षं झाली होती. व्हरांड्यातला खोकला ऐकून आतल्या खोलीत त्या रोग ओळखतात, असं लोक म्हणत. लांबलांबून तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकायला येत. डॉ. अन्वय मुळीक त्यांतलाच एक. एम.डी.ला सुवर्णपदक मिळवलेला, सहा महिन्यांनी परदेशी जायचं ठरलेला. येताना तो सोबत एक्स-रे वाचणारं यंत्र घेऊन आला होता. यंत्र म्हणजे लॅपटॉपमधला एक प्रोग्राम. त्याला त्याने बाईंनी साफ ठरवलेल्या नऊशे जुन्या फिल्म दाखवल्या. यंत्राने अकरा बाजूला काढल्या. दहांमध्ये जुने, भरून आलेले व्रण निघाले.

अकरावी ही.

खरं सांगायचं तर अन्वयला आतून गुदगुल्या होत होत्या. बाई वाद घालतील, हाडाची सावली आहे म्हणतील, याची त्याने तयारीही करून ठेवली होती.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

“आहे,” त्या म्हणाल्या.

“दिसतंय तुम्हाला?”

“आता दिसतंय.”

मग त्यांनी केसपेपरवरचं नाव वाचलं. शेवंता बिरा कोकरे. वय सत्तावीस. पाण्यापलीकडचा धनगरवाडा.

“हिला कोण सांगणार?”

“तिकडे फोन लागत नाही, मॅडम. पण आशाताई परवा जाणार आहेत. त्यांच्याकडे निरोप देतो, की येऊन थुंकी तपासून जा.”

बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

“सकाळची पहिली लाँच आठला सुटते ना अजून?”

“तुम्ही जाणार? मॅडम, उद्या बाजाराचा दिवस. ओपीडीला साठ माणसं असतील. एकीसाठी साठ जणांना ताटकळत...”

“साठ जणांना मी जे सांगणार, ते अजून चुकायचंय. हिला सांगितलेलं चुकलंय.”

सकाळी निघताना बाईंनी दाराला एक कागद चिकटवला. अन्वयने तो वाचला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

‘बाई झालेली चूक निस्तरायला गेल्या आहेत. दुपारी येतील. अडलं असेल त्यांनी सिस्टरांना भेटावं.’

लाँचमध्ये चारच माणसं होती. अन्वय बाईंच्या शेजारी बसला. मांडीवर थुंकीच्या डब्यांची पिशवी. पाणी कापत लाँच मध्यावर आली तेव्हा त्याने रात्रभर मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली.

“मॅडम, ती सावली हाडामागे लपली होती. कुणाच्याही नजरेतून सुटली असती.”

“सावली लपली होती,” बाई म्हणाल्या. “तिचा खोकला लपला नव्हता.”

“म्हणजे?”

“महिनाभर खोकतेय म्हणाली होती. फिल्म कशीही असली तरी थुंकी तपासायला हवी होती. त्या दिवशी तिची लाँच सुटायला आली होती, बाहेर रांग होती. मी फिल्म बघितली... आणि तिच्याकडे बघायचं राहिलं.”

अन्वयने मांडीवरची पिशवी सावरली.

“पण तिथे हे सगळं कशाला सांगायचं? नवीन यंत्र आलं, त्यात आता दिसलं, एवढं सांगितलं तरी पुरे. ते काही खोटं नाही.”

“खोटं नाही...”

लाँचच्या इंजिनाचा आवाज होत राहिला.

“खरंही नाही,” बाई म्हणाल्या.

काठावरून धनगरवाड्यापर्यंत तासाभराचा डोंगरचढ होता. बाई एकाहत्तर वर्षांच्या. तीनदा थांबल्या, तीनदा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. अन्वयने हात पुढे केला, तो त्यांनी एकदाच धरला, निसरड्या दगडापाशी.

वाड्याच्या तोंडाशीच बाईंना शेवंता दिसली. डोक्यावर लाकडांची मोळी. अन्वयने तिला पूर्वी पाहिलं नव्हतं, फक्त तिच्या छातीची फिल्म पाहिली होती. ती थांबली, खोकली, मोळी सावरली, चार पावलं टाकली, पुन्हा थांबली. गालाची हाडं वर आली होती.

ती ज्या अंगणात शिरली, तिथे तिची सासू ठकूबाई शेळीला पाला घालत होती. बाईंना बघून तिला कोण आनंद झाला.

“आवो डाक्टरीणबाई! तुमी हितं? या, या!” तिने लगबगीने घोंगडं अंथरलं. “लई बरं झालं आलासा. ह्या बयेला जरा चार शब्द सांगा. तुमीच म्हनला व्हता न्हवं, छाती साफ हाय? चार म्हैनं झालं बघा, काम सांगितलं की हिचा खोकला सुरू. निस्तं सोंग!”

‘छाती साफ आहे’ हे तीन शब्द इथवर चढून आले होते, आणि इथे येऊन त्यांची काठी झाली होती.

“शेवंता, ती मोळी खाली ठेव,” बाई म्हणाल्या.

शेवंताने आधी सासूकडे बघितलं. मोळी डोक्यावरच राहिली.

बाई घोंगड्यावर बसल्या नाहीत. त्या तिथेच, अंगणातल्या मातीत बसल्या, शेवंताच्या पायांसमोर.

“ठकूबाई, मी चुकले.”

“आँ?”

“हिची छाती साफ नव्हती. त्या दिवशीच आजार होता. मला दिसला नाही. थुंकी तपासायला हवी होती, ती मी तपासली नाही. ही खोकत होती ते सोंग नव्हतं. ही खरं सांगत होती... आणि मी हिला काही नाही म्हणून परत पाठवलं.”

शेळीने पाला ओढला, तिच्या गळ्यातली घंटा वाजली.

अन्वयला राहवेना. “त्याचं असं आहे, की ती सावली हाडाच्या मागे...”

बाईंनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

मग ठकूबाईचा बांध फुटला. “आन् आता सांगताय? चार म्हैन्यांनी? तुमचा शबूद म्हंजी देवाचा शबूद म्हनून म्या हिला पान्याला धाडलं, मोळीला धाडलं... सोंग करती म्हनून एकदा माहेरी हाकलून दिली! माझ्या हातनं ह्ये पाप कुनी करवलं? तुमी! लाज न्हाई वाटत? शिकल्या सवरल्याली मानसं तुमी...”

ती बोलत राहिली. बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. एकाही वाक्याला त्यांनी अडवलं नाही. चाळीस वर्षांचा मान असलेल्या बाईंना अंगणात बसवून कुणी असं बोलेल, हे अन्वयला सहन होईना, आणि तिथून हलताही येईना.

ठकूबाईला धाप लागली. ती थांबली. मग पुढे झाली, सुनेच्या डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी उचलली आणि भुईवर टाकली.

शेवंताचा हात रिकाम्या डोक्याकडे गेला. जणू तिथे अजून काहीतरी होतं.

“बाई...” ती पहिल्यांदाच बोलली. “म्हंजी म्या सोंग करत नव्हते न्हवं?”

“नाही.”

“मग ह्ये मोठ्यानं सांगा. समद्यास्नी ऐकू जाऊ द्या.”

बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. अंगणातून बाहेर आल्या. वाड्याच्या मधोमध, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी उभ्या राहिल्या. सात-आठ घरांची दारं उघडी होती, माणसं केव्हाच उंबऱ्यांवर आली होती. शेवंताचा नवरा बिरा मेंढ्यांच्या कुंपणाशी उभा होता.

“मी दवाखान्याची डॉक्टर,” बाईंनी आवाज चढवला. “शेवंताला मी चार महिन्यांपूर्वी तपासलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. ते चूक होतं. ती आजारी होती. ती खरं बोलत होती. चूक तिची नाही, माझी.”

बिराने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

एका उंबऱ्यावरून एक म्हातारा म्हणाला, “मग आमालाबी चुकीचं सांगितलं आसंल तुमी.”

झालं, अन्वयच्या मनात आलं. याचीच भीती होती. चाळीस वर्षांचं सगळं आज या चढावर संपणार. उद्यापासून इथलं चिटपाखरूही दवाखान्याची पायरी चढायचं नाही.

“असेल,” बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याने बसल्या जागी दोनदा खाकरून घेतलं.

“आसंल तर मग... माझं परत बघा.”

तो उठून आला. त्याच्यामागून एक बाई आली, मग ठकूबाईची जाऊ. दोन महिन्यांपूर्वी काठावरच्या गावात छाती तपासणारी गाडी उभी होती, तेव्हा या वाड्यावरून एकही माणूस उतरलं नव्हतं. ‘डाक्टरीणबाई म्हनत्यात शेवंताला कायबी न्हाई, मग आमी कशाला?’ असं म्हणाले होते म्हणे. आज अन्वयने आणलेल्या सहाच्या सहा डब्या भरल्या. एकेका डबीवर त्याने नाव लिहिलं.

ठकूबाईने जायच्या आधी बाईंना चहा दिला. बोलली मात्र नाही. कपबशी समोर ठेवली आणि बाई पिईपर्यंत तिथेच बसून राहिली.

परतीच्या लाँचमध्ये बाई कठड्याला डोकं टेकून झोपून गेल्या. अन्वयला त्यांना खूप काही विचारायचं होतं. पण तो त्यांच्यावर ऊन येऊ नये म्हणून जागा बदलून बसला, एवढंच.

दारातला कागद तसाच होता. खाली साठच्या साठ माणसं बसून होती. एकही उठून गेलं नव्हतं.

शेवंताच्या थुंकीत क्षय निघाला. त्या म्हाताऱ्याच्याही निघाला. गोळ्या सुरू झाल्या, दोन्ही घरांतल्या लहान पोरांची तपासणी झाली. दर महिन्याला शेवंता लाँचने येऊ लागली, आणि सोबत ठकूबाई. गोळीची वेळ चुकली तर सासूच सुनेला फैलावर घेई. तिसऱ्या महिन्यात शेवंताचं वजन चार किलोंनी वाढलं, तेव्हा काट्यावरचा आकडा ठकूबाईने अन्वयला दोनदा वाचायला लावला.

यंत्र दवाखान्यातच राहिलं. ते ठेवून घ्यायचं बाईंनीच सांगितलं.

“माझी प्रत्येक फिल्म त्याला दाखवत जा.”

“तुम्ही बघायच्या आधी, की नंतर?”

“नंतर. आधी दाखवलीस तर मी कुठे चुकते ते मला कळायचं कसं?”

त्या सहा महिन्यांत यंत्राने बाईंच्या आणखी दोन चुका दाखवल्या. बाईंनी यंत्राच्या सतरा. दोन्हींची यादी त्या एकाच वहीत लिहीत, आणि नवीन आलेल्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी ती वही वाचायला देत. अन्वयने मोठमोठी रुग्णालयं पाहिली होती, नावाजलेले प्राध्यापक पाहिले होते. आपल्या चुकांवरून शिकवणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

जायच्या दिवशी तो बाईंच्या खोलीत आला. खाली वाकून त्याने नमस्कार केला. बाई एक फिल्म उजेडाकडे धरून बघत होत्या.

“मॅडम, एक विचारायचं राहिलंय.”

“विचार.”

“मी जिथे चाललोय तिथे फिल्म डॉक्टर बघतच नाहीत. यंत्र बघतं, यंत्रच लिहितं. उद्या इथेही तसंच होईल.”

“होऊ दे. चांगलं बघतं ते.”

“पण ते चुकलं तर...” तो अडखळला. “माणूस घरी परत गेला, आणि यंत्र चुकलेलं असलं... तर ती चूक कुणाची धरायची? यंत्राची? ते बनवणाऱ्याची? की डॉक्टरची?”

बाईंनी फिल्म खाली ठेवली. चष्मा काढला. त्याच्याकडे नीट बघितलं, पेशंटकडे बघतात तसं.

“ज्याला डोंगर चढून चूक सांगायला जाता येतं, त्याची.”