केतकीने जोडलेला शब्द

एका राज्यात अमरकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या खजिन्यात शब्दांनी भरलेली सोन्याची पेटी होती. पेटीला एका जादूगाराचा शाप होता : तिच्यासमोर रागाने दिलेली आज्ञा खरी होई.

राजाची लेक केतकी पाच वर्षांची. राजपंडित तिच्याकडून रोज शंभर शब्द घोकून घेत. एके दिवशी तिने पेटीतला 'निर्भय' उचलला आणि आत काय आहे ते पाहायला मोडला. लहान मुले खेळणे मोडतात, तसा.

राजा कडाडला, "पुन्हा तोंड उघडायचे नाही!"

त्या क्षणी केतकीचा आवाज उडाला आणि खिडकीतल्या साळुंकीच्या कंठात जाऊन बसला. एवढ्याशा पोरीवर ओरडायला मुकुट लागतो काय? पण दरबारात हे विचारणार कोण? दोष पोरीचाच ठरला.

साळुंकी म्हणाली, "राजा, केतकीने तीन शब्द घडवावेत. एकाला पुढून तुकडा जोडलेला, एकाला मागून, एकाला दोन्हीकडून. तिसरा या पेटीत नसलेला हवा. तो तू भरदरबारात स्वतःसाठी उच्चारलास, तर पेटीचा शाप तुटेल आणि मी आवाज परत देईन."

पंडितांनी महिनाभर घोकंपट्टी घेतली. केतकी नुसती रडली. शेवटी कुंभारवाड्यातून भिवरा आली. ती मातीच्या ओल्या वड्यांवर अक्षरे कोरून आळीतल्या मुलांना शिकवी.

"शब्द तूच मोडलास ना, बाय?" भिवराने विचारले. केतकीने मान खाली घातली.

"बरे केलेस. मोडल्याशिवाय कसे कळणार, कुठे काय जोडले होते?"

तिने 'भय' लिहिलेली वडी मध्ये ठेवली. "हा मूळ शब्द. याच्यापुढे 'निर्' बसला, की भय पळाले. आता तू जोड."

केतकीने 'चूक'च्या पुढे 'बिन' चिकटवले. बिनचूक! दुसऱ्या दिवशी 'माया'च्या मागे 'ळू' लावले. मायाळू! साळुंकीने दोनदा पंख फडफडवले.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. केतकीने तीन वड्या पाण्याचे बोट लावून जोडल्या आणि बापापुढे धरल्या : बिन, राग, ळू.

राजपंडित हसले. "बिनरागळू? असा शब्दच नाही! महाराजांनी हे बोलायचे?"

"पंडितजी, हसू नका!" भिवरा उसळली. "महिनाभर तुम्ही हिला रडवलेत. दोन्ही तुकडे तिने जागच्या जागी बसवले आहेत. राजा, आमच्या आळीत लेकराची पहिली पणती वाकडीच होते. घरातला वडीलधारा आधी तीच लावतो. सरळ पणती मग शिकवतो."

राजाने सभेकडे पाहिले. परदेशचे दूत मिशीआड हसत होते. मग त्याने लेकीची मातीने माखलेली बोटे पाहिली.

"मी," तो म्हणाला. तिन्ही वड्या नीट वाचल्या. पुन्हा म्हणाला, "मी बिनरागळू होईन."

साळुंकीने चोच उघडली. पेटीवरचा शाप तडकन तुटला आणि केतकीच्या ओठी आवाज आला.

"आबा, उद्या परत रागावलात तर?"

राजा सिंहासनावरून उतरला, तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"तर तू बोल," तो म्हणाला. "मी ऐकेन."