जावईबापूंनी सोलरची लाइन धुतली

एका गावात एक भोळा जावई आला होता. गाव त्याचं नव्हतं, पण भोळेपणाला गाव लागत नाही. नाव विश्वंभर. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणून शर्वरी त्याला घेऊन माहेरी आली होती.

जावयाच्या पहिल्या अंघोळीसाठी सासऱ्यांनी नवा सोलर घेतला होता. बोअरच्या क्षाराने जुन्यातून पाणी यायचं ते कोमट, तेही रडत रडत. "नरकचतुर्दशीला पाहुण्यांना कढत पाणी!" असं त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. शर्वरीला काळजी होती ती काकूची. काकू ज्याला एकदा नावं ठेवायची, त्याची नावं गल्लीत मुक्कामालाच यायची. दिवाळी तेवढी धड पार पडली की जिंकलं.

गफूरमिस्त्री नवी टाकी घेऊन आले. म्हणाले, "जुनी लाइन आतून धुतल्याशिवाय जोडणार नाही. लगेच चोंदेल."

विश्वंभर उठून सासऱ्यांकडे वळला. "मामा, मी धुतो."

आता त्या घरात जावयाला नाही म्हणायची रीत नव्हती. चुकलं म्हणायची तर मुळीच नव्हती.

"आधी घरातले सगळे नळ सोडा," मिस्त्री म्हणाले.

विश्वंभरने सगळे सोडले. स्वयंपाकघरातल्या नळाखाली चकलीची भाजणी होती. तिची खळ झाली.

"असू दे हो, जावईबापू," सासूबाई परात उचलत म्हणाल्या. "फक्त पाणी सोडताना खाली काय आहे ते बघावं."

"बघतो, मामी."

मग मिस्त्रींनी लिंबूसत्त्वाच्या पाण्याची बादली दिली, क्षार सुटायला. "गच्चीवर जा आणि वरून ओता."

विश्वंभर गच्चीच्या कठड्याशी गेला. खाली बघितलं. खाली काकू रांगोळी काढत होती. त्याने नीट बघितलं. आणि ओतलं.

"वा, वा!" सासरे धावत आले. "काही बिघडलं नाही! फक्त काय आहे पाहुणे, ओतायच्या आधी माणसाला हाक मारावी."

"मारतो, मामा."

दुसरी बादली मिस्त्रींनी स्वतःच पाइपात ओतली. "जरा मुरलं की अंगणातला नळ सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बंद करायचा नाही."

विश्वंभर नळाशी बसला. काकू आत साडी बदलत होती.

"काकू!" त्याने हाक मारली. "काकू, लवकर या!"

काकू धावत आली. ती समोर येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने नळ सोडला. पांढऱ्या पापुद्र्यांचं गढूळ पाणी थेट साडीवर. मघाची जुनी होती. ही दिवाळीची.

काकू दातांतून हसली. "जावईबापू, समोर माणूस असताना नळ सोडूच नये हो."

"बरोबर आहे," विश्वंभर म्हणाला. सांगितलेलं तो अगदी मनावर घ्यायचा. शर्वरीला भीती त्याचीच वाटायची.

अखेर लाइन धुतली गेली. टाकी जोडली. दिवसभर ऊन पडलं. संध्याकाळी काकूने नळाखाली बोट धरलं आणि "आई गं!" म्हणून मागे घेतलं. शर्वरीचा जीव भांड्यात पडला.

पहाटे सगळे तेल लावून अंगणात बसले. पहिला मान जावयाचा. उटणं लावून विश्वंभर न्हाणीघरात गेला, दार लागलं, पाणी सुरू झालं. धो धो. थांबेचना.

"मनसोक्त चाललंय पाहुण्यांचं," सासरे कौतुकाने म्हणाले. थंडीने त्यांच्या अंगावरचं खोबरेल गोठायला लागलं होतं. पण जावयाला आटपा कसं म्हणायचं? शर्वरी दोनदा उठली. आईने दोनदा खाली बसवली.

शेवटी पाणी थांबलं. विश्वंभर परसातून चालत आला. अंगावरचं उटणं वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"अहो!" शर्वरी म्हणाली. "अंघोळ?"

"नळाची झाली. मी मागच्या दाराने बाहेर जाऊन थांबलो होतो, समोर माणूस नको म्हणून." मग तो सासऱ्यांकडे वळला. "मामा, नळाला अजून काहीतरी होतं. नुसतं धुरकट यायचं, वाफाच वाफा. मी म्हटलं, जाऊ दे सगळी घाण. आता बघा! थंडगार, अगदी स्वच्छ. चला, कोण येतंय?"

सासऱ्यांनी एकदा टाकीकडे बघितलं. मग "वा!" म्हणाले, आणि पहिला मान काकूला दिला.